गाडी गायमुखला आहे

बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याची मालाची पावती, हातात आली की माझी नजर वजनावर जात नाही, भाड्यावरही नाही. ती जाते खालच्या बारीक छपाईवर. तिथे 'सेड टू कंटेन' असं असतं, किंवा नुसतंच 'एस.टी.सी.'. ट्रान्सपोर्टवाल्याचं म्हणणं असं, की या ड्रममध्ये रंगाची पावडर आहे असं मला पाठवणाऱ्याने सांगितलं. मी ड्रम मोजले, सील बघितलं, आत डोकावलो नाही. उद्या आतून विटांचा चुरा निघाला तर माझ्याकडे येऊ नका. त्याच कागदावर जरा वर 'ॲट ओनर्स रिस्क' असा शिक्का. माल भिजला, सांडला तर मालकाचं नशीब. हा शिक्का ट्रान्सपोर्टवाल्यांना वाटतो तेवढा कोर्टात तारत नाही, हा भाग वेगळा. 1865 च्या कॅरिअर्स ॲक्टनेच सांगून ठेवलंय की माल हरवला तर वाहतूकदाराचा हलगर्जीपणा सिद्ध करत बसायची जबाबदारी मालकावर नाही. तो कायदा जाऊन त्याच्या जागी 2007 चा कॅरेज बाय रोड ॲक्ट आला, शिक्का मात्र अजून तोच मारतात.

माझी नोकरी ठाण्याच्या कोलशेत-बाळकूम पट्ट्यातल्या एका रंग-रसायनांच्या कारखान्यात, डिस्पॅचमध्ये गेली. त्या खोलीत बाई म्हणून मी एकटीच. ड्रायव्हर एरवी मला 'मॅडम' म्हणत आणि वाराईवरून भांडण निघालं की 'ताई'. वाराई म्हणजे माल उतरवताना ड्रायव्हरच्या खिशातून उकळली जाणारी रक्कम. हमालीचे पैसे मालकाने द्यायचे की गाडीवाल्याने, हा प्रश्न ज्या दिवशी सुटेल त्या दिवशी निम्मी ट्रान्सपोर्ट ऑफिसं ओस पडतील. माल पोचल्यावर घेणाऱ्याने सही-शिक्का मारून परत पाठवलेली बिल्टीची प्रत म्हणजे पीओडी, आणि ती हातात आल्याशिवाय गाडीवाल्याचं बिल पास करायचं नाही, हा आमचा नियम. अंकलेश्वरहून परत आलेल्या अशाच एका प्रतीच्या मागच्या बाजूला कुणीतरी पेन्सिलीने 'दो ड्रम कम' एवढंच खरडलं होतं. सही नाही, तारीख नाही. त्या तीन शब्दांवरून आमचं ऑफिस, ट्रान्सपोर्टवाला आणि विमा कंपनी कित्येक महिने एकमेकांना पत्रं पाठवत राहिली.

आता मी कासारवडवलीला असते. भाचीची मुलगी भिवंडीतल्या एका गोदामात सप्लाय चेनचं काम करते. रविवारी येते तेव्हा तिच्या बोलण्यात थ्रीपीएल, टॅट, डिटेन्शन, ई-वे बिल यांचा पाऊस. तिला वाटतं हे सगळं लॅपटॉपबरोबर आलं. मी तिला सांगते, बाई गं, यातला कुठलाही शब्द घे, तो एकाच भांडणातून निघालेला असतो: वाटेत नुकसान झालं तर ते कुणाच्या खिशातून जाणार, आणि नेमकं कुठल्या जागेपासून. आणि हे भांडण तुझ्या गोदामापासून खाडीपलीकडच्या या घोडबंदर रस्त्यावर फार जुनं आहे.

घोड्यांचं बंदर म्हणून घोडबंदर, हे इथलं शेंबडं पोरही सांगतं. अरबी घोडे इथे उतरत, असं सांगतात. मला घोड्यांपेक्षा त्यांच्या खरेदीच्या अटींत जास्त रस. तेराव्या शतकाच्या शेवटी मार्को पोलोने ठाण्याच्या राज्याबद्दल जे लिहून ठेवलंय, ते कुठल्याही पर्चेस मॅनेजरने वाचावं. इथल्या राजाकडे घोडे नव्हते आणि त्याला ते हवे होते. म्हणून त्याने समुद्रावरच्या चाच्यांशी करार केला. जहाज लुटलंत तर घोडे माझे, बाकी जे काय मिळेल ते तुमचं. घोड्यांवाचून जहाज सहसा येत नसे, तेव्हा राजाचा तबेला भरत राहिला. पोलोला हा प्रकार राजाला न शोभणारा वाटला. मला त्यात पुरवठ्याची हमी दिसते, फक्त विकणाऱ्याला पैसे न देता.

त्याच काळात तमिळ किनाऱ्यावर पांड्य राजा नेमका उलटा व्यवहार करत होता. वस्साफ या इराणी इतिहासकाराने त्याचा तपशील दिलाय. इराणच्या आखातातल्या कैस बेटाच्या व्यापाऱ्याकडून वर्षाला 1,400 घोडे घ्यायचे, आणि वाटेत घोडा मेला तरी त्याची किंमत राजाच्या खजिन्यातून द्यायची. ही अट नीट वाचा. घोडा जहाजावर चढला त्या क्षणापासून तो राजाचा. समुद्राचा धोका विकणाऱ्याचा नाही.

आमच्या एक्स्पोर्ट विभागात नवीन पोरं सगळ्यात जास्त अडखळायची ती इथेच. एफओबी म्हणजे जहाजावर चढवेपर्यंत विकणाऱ्याचं, पुढे घेणाऱ्याचं, हे पटकन कळतं. पण सीआयएफ म्हटलं की पोरं म्हणणार, विकणारा भाडं भरतोय, विमा उतरवतोय, म्हणजे माल पोचेपर्यंत जबाबदारी त्याचीच. तसं नाही. खर्च पलीकडच्या बंदरापर्यंत विकणाऱ्याचा, जोखीम मात्र माल जहाजावर चढला तिथेच घेणाऱ्याकडे गेली. जहाज बुडालं तर विम्याचा दावा घेणारा करणार. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाने या संज्ञांचा पहिला संच 1936 साली छापला. 2010 ची आवृत्ती येईपर्यंत जोखमीची रेघ जहाजाच्या कठड्यावरून जात असे. क्रेनला लटकलेली पेटी कठड्याच्या अलीकडे पडली तर एकाची, पलीकडे पडली तर दुसऱ्याची. वकिलांनी त्या कठड्यावर पिढ्यान् पिढ्या पोट भरलं.

आपल्याकडच्या सावकारांनी यावर काढलेला तोडगा मला जास्त हुशारीचा वाटतो. त्याचं नाव जोखमी हुंडी. नेहमीची हुंडी मुदत भरली की वटवावी लागते. जोखमी हुंडीचे पैसे माल सुखरूप पोचला तरच द्यायचे. जहाज बुडालं की हुंडीही बुडाली. कर्ज आणि विमा दोन्ही एकाच कागदावर, आणि प्रीमियमचा वेगळा हिशेब नाही.

खाडीकडे वळू. वसईपासून आत शिरलं की घोडबंदर, नागला, मग कोलशेत-काल्हेर, आणि उल्हास नदीने वर कल्याण. ग्रीक भाषेतलं 'पेरिप्लस' नावाचं पहिल्या शतकातलं एक दर्यावर्दी मार्गदर्शक आहे. त्यात कल्याणचा उल्लेख आहे. आधी तिथे कायदेशीर बाजारपेठ होती, पुढे दुसऱ्या राजाची सत्ता आली आणि अडवणूक सुरू झाली. चुकून एखादं ग्रीक जहाज तिथे लागलंच तर त्याला पहारा देऊन भडोचला नेत. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याणच्या वाटेवरचा माल जबरदस्तीने गुजरातकडे. मी डिस्पॅचमध्ये होते तेव्हा ज्या गाडीला ठाण्यात माल उतरवायचा नसे, नुसतं शहरातून पार व्हायचं असे, तिला जकात नाक्यावर एस्कॉर्टची पावती फाडावी लागायची. पहारेकरी कागदावरच असायचा, पैसे मात्र खरे.

पोर्तुगीजांना वसई 1534 च्या तहाने मिळाली आणि घोडबंदरचा किल्लाही त्यांच्याच काळातला. त्यांनी अरबी समुद्रात 'कार्ताझ' चालू केलं. जहाजाचं नाव, तांडेल कोण, माल काय, शस्त्रं किती, कुठून कुठे. हा परवाना नसलेलं जहाज म्हणजे लुटीचा माल. परवाना काढायला पैसे थोडेच पडत. खरी मेख अशी की जहाजाने पोर्तुगीजांच्या बंदराला लागून तिथली जकात भरायची. होर्मुझहून येणाऱ्या घोड्यांचा व्यापार तर त्यांनी गोव्याकडे ओढून घेतलाच. कान्होजी आंग्र्यांनी पुढे हेच हत्यार उलटं वापरलं: आमचं दस्तक घ्या, नाहीतर जहाज सोडा. इंग्रज त्याला चाचेगिरी म्हणत. कार्ताझला ते काय म्हणत होते हे मी अजून शोधतेय.

1737 मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ठाणे, घोडबंदर मराठ्यांकडे आलं, 1739 ला वसई पडली. 1774 च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी घेतली, आणि सालबाईच्या तहाने 1782 मध्ये ती त्यांच्याकडे पक्की झाली. इथे नकाशा उघडून बघा. या तहानंतर ठाणे आणि घोडबंदर कंपनीचं, समोरची भिवंडी आणि कल्याण पेशव्यांचं. पेशवाई संपेपर्यंत ही खाडी म्हणजे दोन राज्यांमधली जकातीची हद्द होती. कर असलेला काठ इकडे, वेगळा कर असलेला काठ तिकडे, मध्ये अर्ध्या तासाची होडी. याच काठावर पुढे काय उगवलं ते सांगतेच. त्याआधी मला हुंडेकऱ्याबद्दल बोलायचंय, कारण माझ्या मते या सगळ्या धंद्यातला तो सगळ्यात मोठा माणूस आणि त्याच्याबद्दल बोलतं कुणी नाही.

पेशवाईत माल देशावरून कोकणात न्यायचा तर वाटेत पावलोपावली चौक्या. एक सरकारी, एक जहागीरदाराची, एक इनामदाराची, घाटाच्या माथ्यावर एक आणि पायथ्याला आणखी एक. प्रत्येकाचा दर निराळा, प्रत्येकाची झडती निराळी. बैल उभे, गोण्या सोडलेल्या, पाऊस अंगावर. व्यापाऱ्याने प्रत्येक चौकीवर हुज्जत घालायची ठरवली तर माल पोचेपर्यंत हंगाम संपायचा. म्हणून मोठ्या पेठेत हुंडेकरी बसलेला असे. व्यापारी त्याला माल दाखवणार, कुठे न्यायचा ते सांगणार, आणि हुंडेकरी एकच ठोक रक्कम सांगणार. त्या रकमेत वाटेतल्या सगळ्या जकाती आल्या. हुंडेकऱ्याचं जकातीच्या मक्तेदारांशी आधीच ठरलेलं असे, त्यांचा हिशेब तो नंतर भागवी. एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाबद्दल 1819 मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात या लोकांची दखल घेतलीय.

हुंडेकऱ्याने विकलं काय? बैल अनेकांकडे होते. वाट सगळ्यांना माहीत होती. त्याने विकली ती खात्री. चौकीवर काय होईल याची काळजी आता माझी, तू घरी झोप. भाचीच्या मुलीच्या कंपनीच्या भिंतीवर जे ब्रीद लिहिलंय त्याचा मथितार्थ हाच आहे, फक्त ते इंग्रजीत आहे. तिसऱ्या माणसाने गाडी, गोदाम, कागद, कर सगळं एका दरात अंगावर घ्यायचं, यालाच आता थ्रीपीएल म्हणतात. आणि हुंडेकऱ्याची एक अडचणही तीच होती जी आजच्या कंपन्यांची आहे. ठोक दर ठरवल्यावर वाटेत नवी चौकी उभी राहिली तर पैसे कोण देणार? आमच्या करारात त्यासाठी डिझेल दरवाढीचं कलम असायचं. डिझेल वर गेलं की गाडीवाला दुसऱ्या दिवशी ते कलम घेऊन दारात. डिझेल उतरलं की त्याला कलम आठवत नसे.

1830 च्या दशकात मुंबई इलाख्यातली अंतर्गत जकात इंग्रजांनी उठवली, तेव्हा हुंडेकऱ्याच्या धंद्याचा पायाच गेला. आडनाव मात्र उरलं. नगरकडे हुंडेकरी अजून भेटतात.

त्याच वाटांवरून वंजाऱ्यांचे तांडे जात. कोकणातून मीठ वर, देशावरून धान्य खाली. मिठाच्या गोण्या उतरवून बैल रिकामे परत आणणं त्यांना परवडणारं नव्हतंच. आज त्याला रिटर्न लोड म्हणतात आणि भाडं ठरतं ते त्यावरच. वापीहून ठाण्याला येणाऱ्या गाडीचा दर आणि ठाण्याहून वापीला जाणाऱ्या गाडीचा दर सारखा का नाही, असं आमचे नवे अकाउंटंट दरवर्षी विचारत. जिथून परतीचा माल सहज मिळतो तिथे जायला गाडी स्वस्त मिळते, जिथून रिकामं यावं लागतं तिथे जायला महाग. अंतर तेवढंच.

मग रेल्वे आली. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी, पुढच्या वर्षी कल्याणपर्यंत रूळ. दुसरी कंपनी, बीबीसीआय, हिने 1864 मध्ये भाईंदरपाशी वसईच्या खाडीवर पूल टाकला आणि गुजरात मुंबईला जोडला. दोन्ही रूळ मुंबईत वेगवेगळ्या स्टेशनांत शिरले. घोडबंदर दोघांच्या मधोमध राहिलं, कुणाच्याच वाटेवर नाही. शेकडो वर्षं ज्या चिंचोळ्या खाडीमुळे तिथे जहाजं अडवता येत होती, ती खाडीच मालाने सोडली. गावात मीठ राहिलं, भात राहिला, पुढे रेती आली. मध्य आणि पश्चिम या दोन वाटांना ठाण्यातून जोडायचं काम मग रस्त्याने करायचं ठरलं. माजिवडा-कापूरबावडीपासून घोडबंदरपर्यंतचा हा वीसेक किलोमीटरचा रस्ता मुळात आहे तो एवढ्याचसाठी. आग्रा रोड आणि अहमदाबाद रोड यांच्यामधला सांधा. आम्ही सोसायटीवाले त्यावर नंतर येऊन बसलो.

रेल्वेने दोन शब्द मात्र कायमचे दिले आणि लोक ते आजही एकमेकांत घालतात. डेमरेज आणि व्हार्फेज. वॅगन आली, ठरलेल्या फुकट वेळात ती रिकामी केली नाही, तर वॅगन अडकवून ठेवल्याबद्दल लागतं ते डेमरेज. वॅगन वेळेत रिकामी केली, पण माल मालधक्क्यावरच पडून राहिला, तर जागा अडवल्याबद्दल लागतं ते व्हार्फेज. पहिला दंड चाकांसाठी, दुसरा फरशीसाठी. आमचा मुकादम याचा फार चोख माणूस. माणसं कमी पडली तर तो वॅगन आधी मोकळी करी आणि माल धक्क्यावर ताडपत्रीखाली झाकून ठेवी, कारण दोन्हींत फरशीचा दंड त्याला बरा वाटे. शाळा चौथीपर्यंत झालेली, पण हा हिशेब त्याला तोंडपाठ.

कंटेनर आले तसं हेच भांडण पुन्हा नव्या नावाने उभं राहिलं. माल्कम मॅक्लीन नावाच्या अमेरिकन ट्रकवाल्याने 26 एप्रिल 1956 ला 'आयडियल एक्स' या जहाजावर 58 पेट्या चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला पाठवल्या. ट्रकवाल्याला हे सुचावं यात नवल नाही, गोदीच्या दारात दिवसभर रांगेत उभं राहायचा वैताग त्यालाच ठाऊक. 1989 मध्ये न्हावा शेवा सुरू झालं आणि त्या पेट्या आमच्या दारात आल्या. आता पेटी बंदराच्या आत जास्त दिवस पडली तर डेमरेज, आणि बंदराबाहेर नेऊन वेळेत रिकामी परत केली नाही तर डिटेन्शन. शेवटी चाकं आणि फरशीच. फरक एवढाच की डिटेन्शन डॉलरमध्ये लागतं आणि जहाज कंपनीशी बोलायला माणूस सापडत नाही.

ठाण्यातले कारखाने न्हावा शेवाच्या आधीचे. रेमंड 1925 चं, एमआयडीसीची वागळे इस्टेट 1962 ची, शिवाय पोखरण रोडला व्होल्टास, कोलशेतला बायर आणि सँडोझ. ठाणे महापालिका 1982 मध्ये झाली. तिच्या जकात नाक्यावर रांग, फॉर्म, दलाल, आणि बाहेर पाठवलेल्या मालावरचा परतावा मागायला पुन्हा फॉर्म. मुंबईची जकात तर देशात गाजलेली. मुलुंड, दहिसर, ऐरोली, मानखुर्द इथले नाके म्हणजे ट्रकची झोपायची जागाच. आता व्यापाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवा. उत्तरेकडून शंभर पेट्या आल्या. त्यातल्या चाळीस मुंबईत खपणार, साठ पुण्याला-नाशिकला जाणार. सगळ्या मुंबईत आणून सगळ्यांवर जकात भरायची आणि मग साठांचा परतावा मागत फिरायचं? त्यापेक्षा हद्दीबाहेर थांबवा आणि रोज लागेल तेवढंच आत न्या. महापालिकेची हद्द नाही, ग्रामपंचायतीची जमीन, आग्रा रोड लगत, मुंबई हाकेच्या अंतरावर, अशी जागा कुठे? काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, माणकोली. खाडीच्या पलीकडचा तोच काठ, जो एकेकाळी पेशव्यांच्या बाजूला होता. भाताच्या खाचरांत गोदामं उगवली ती कुणी मास्टर प्लॅन केला म्हणून नाही. कराची रेघ कुठून जाते हे व्यापाऱ्याला नगररचनाकाराच्या आधी कळतं.

भाचीची मुलगी तिथल्या ज्या गोदामात जाते त्याला ती 'हब' म्हणते, आणि भिवंडी हब का झाली याची तिला शिकवलेली कारणं म्हणजे महामार्ग, बंदर, मजूर. तिन्ही खरी. जकातीचं नाव तिच्या पुस्तकात नाही, कारण ती 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा मुंबईतूनही गेली. गोदामं मात्र जागची हलली नाहीत.

न्हावा शेवाच्या गुजरातकडे जाणाऱ्या पेट्या कळंबोली, शिळफाटा, मुंब्रा बायपास करत माजिवड्याला येतात आणि घोडबंदर रोड धरतात. या पट्ट्यात बॉटलनेक हा शब्द शिकवायला फळा लागत नाही. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, ओवळा करत रस्ता एकीकडे येऊरच्या जंगलाला आणि दुसरीकडे खाडीला टेकत जातो आणि गायमुखला चढ लागतो. डावीकडे राष्ट्रीय उद्यान, उजवीकडे खारफुटी. बाजूला सरकायला जागाच नाही. भरलेल्या एका ट्रेलरचा ॲक्सल तुटला की मागे कापूरबावडीपर्यंत शेपूट. पावसाळ्यात खड्डे, उन्हाळ्यात दुरुस्ती, मेट्रोचे खांब बारा महिने. अवजड गाड्यांना शहरातून जायला ठरावीकच तास, म्हणून बाकी वेळ त्या खारेगावला, माणकोलीला कडेला लावून ड्रायव्हर स्टोव्ह पेटवतात. गाडी कुठे आहे विचारलं की उत्तर ठरलेलं, "मॅडम, गाडी गायमुखला आहे." वसईत चहा पीत असला तरी.

लीड टाइम म्हणजे ऑर्डर दिल्यापासून माल दारात येईपर्यंतचा वेळ. वापीहून एखादं इंटरमिजिएट रसायन मागवलं तर कागदावर एका रात्रीचं अंतर. आमचे साहेब सरासरी धरून चालायचे. मी म्हणायची, सर, सरासरीने रिॲक्टर चालत नाही. चार गाड्या एका रात्रीत आल्या आणि पाचवी तिसऱ्या दिवशी, तर प्लांट त्या पाचवीमुळे बंद पडतो. सेफ्टी स्टॉक ठेवायचा तो या पाचव्या गाडीसाठी. अंतरासाठी नाही, बेभरवशासाठी. हे म्हणणं वरपर्यंत पोचलं ते 2013 च्या शेवटी, खाडीवरच्या वर्सोवा पुलाच्या गर्डरला तडा गेला तेव्हा. जड वाहनं बंद. गाड्या चिंचोटीवरून कामण, अंजूरफाटा, भिवंडी अशा फिरून येऊ लागल्या आणि त्या रस्त्याची पार चाळण झाली. त्या दिवसांत आमच्या स्टोअरमध्ये उभं राहायला जागा उरली नाही, एवढा माल भरून ठेवला. शेजारी नवा पूल व्हायला 2023 उजाडलं.

साठा न करता लागेल तेव्हाच माल आणायचा, ही 'जस्ट इन टाइम' नावाची जपानी पद्धत आमच्याकडे एका ट्रेनिंगमध्ये येऊन गेली. पेढे वाटले होते, एवढं आठवतं.

जकात गेली, नाके पाडले, चौकी मात्र मोबाइलमध्ये आली. एप्रिल 2018 पासून परराज्यातल्या मालाला आणि 25 मेपासून महाराष्ट्रातल्या मालाला ई-वे बिल लागतं. कुणाचा माल, कुणाला, काय, किती किमतीचा, कुठल्या नंबरच्या गाडीतून. कार्ताझचेच रकाने, शस्त्रं वगळून. या कागदाला मुदत असते. सुरुवातीला दर शंभर किलोमीटरला एक दिवस मिळायचा, 1 जानेवारी 2021 पासून दोनशे किलोमीटरला एक दिवस. नियम करणाऱ्याने गाडी चालते असं गृहीत धरलं. म्हणजे दोनशेच्या आतल्या वापीच्या गाडीला एक दिवस, मग ती वाटेत कितीही वेळ उभी राहो. मुदत संपलेल्या बिलावर गाडी पकडली तर दंड माल अडवून वसूल करतात. ड्रायव्हरच्या हातात काही नसतं, चूक कुणाची असो.

मुदत वाढवता येते. संपायच्या आधी आठ तास किंवा संपल्यावर आठ तास, या खिडकीत वाहतूकदाराने पोर्टलवर जाऊन गाडी आत्ता कुठे आहे ते टाकायचं आणि कारण निवडायचं. मागच्या पावसाळ्यात भाचीच्या मुलीने रात्री मला फोन केला. गाडी खरोखरच गायमुखला होती, बिलाला दोन तास उरले होते, आणि कारणाच्या यादीत नैसर्गिक आपत्ती, कायदा-सुव्यवस्था, अपघात, एका गाडीतून दुसरीत माल भरणं असे पर्याय होते. वाहतूक कोंडी नव्हती. "काय टाकू गं मावशीआजी?" मी म्हटलं, 'इतर' दाब, शेरा लिही, आणि स्क्रीनचा फोटो काढून ठेव, पीओडीबरोबर फाइलला लाव, उद्या गाडीवाला उभ्या गाडीचं हॉल्टिंग मागायला येईलच.